कुसाबाईचा एक

कुसाबाईच्या हाताला सडका टमाटा न बघता कळायचा. डोळे भलतीकडे, तोंड कुणाच्या तरी सुनेच्या चौकशीत आणि हात ढिगात. बोटाला देठापाशी जरा मऊ, जरा ओलसर लागलं की तो टमाटा मागच्या पाटीत जाऊन पडायचा. गोटीराम शेठच्या खळ्यावर असा हात दुसऱ्या बाईचा नव्हता. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि इतर बायांनीही ते विसरू नये याची ती काळजी घ्यायची.

खळं, म्हणजे टमाटा निवडून भरायची जागा, पिंपळगावात, हायवेला लागूनच. पत्र्याची लांब शेड, खाली कोबा, एका अंगाला रिकाम्या लाकडी खोक्यांची थप्पी आणि दुसऱ्या अंगाला ट्रक मागं लावायची जागा. बाया आठ-आठच्या दोन ओळींत समोरासमोर बसायच्या. पहिल्या ओळीत एक ते आठ नंबर, दुसरीत नऊ ते सोळा. खोकं भरलं की ज्या बाईनं भरलं तिचा नंबर फळीवर गेरूनं काढायचा, म्हणजे पुढं माल खराब निघाला तर कुणाच्या हातचा ते कळावं. कुसाबाईचा नंबर एक. तिच्या बरोबर समोर नऊ नंबरवर नवसाबाई.

नवसाबाई पेठच्या डोंगरातली. भात झोडून कणगीत पडला की नवरा काळूला घेऊन खाली उतरायची, ती होळीलाच परत जायची. खळ्यामागं दोघांचं पाल. काळू खोक्यांना खिळे ठोकायचा, गाडी भरायचा. नवसाबाईला आकडा लिहिता येत नव्हता, म्हणून तिचा नऊ कुसाबाईच काढून द्यायची. आता कुसाबाईला तरी कुठं सगळे आकडे येत होते! एक तेवढा तिच्या ज्ञानेशनं शिकवलेला, तो पहिलीत असताना, चुलीच्या राखेत तिचं बोट धरून. ‘आधी गोल पोट काढायचं आई, मंग खाली शेपूट सोडायचं.’ ही गोष्ट ती नवसाबाईलाही सांगायची. नऊ ती पुढं कधीतरी भिमाजी दिवाणजीकडून शिकली, केवळ नवसाबाईसाठी.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि एका सकाळी भिमाजीनं दोन्ही ओळींच्या मधून चालत फर्मान काढलं.

“आजपासून गुलाबी माल निवडायचा. हिरवा नको, लाल नको. चार-पाच दिवसांचा पल्ला हाय. एक जरी फुटका गेला तरी आख्खं खोकं बसंल. समजलं का?”

“कुठं चाललाय येवढा लांब?” कुसाबाईनं विचारलं.

“लांब म्हंजे लांब. तुमी हात चालवा,” असं म्हणून भिमाजी फोन घ्यायला गेला. एरवी तो कुसाबाईच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचा. आज त्यानं नजर टाळली हे तिच्या लक्षात आलं.

दुपारी ट्रकचा ड्रायव्हर यादव पाणी प्यायला आत आला. उत्तरेकडचा माणूस, पोट सुटलेलं, बोलायला गोड. कुसाबाईनं माठातलं पाणी काढून दिलं आणि तोच प्रश्न त्याला केला.

“लाहौर, माई,” यादव तोंड पुसत म्हणाला. “मैं तो अटारी तक. आगे उनका.”

“लाहोर म्हंजे पाकिस्तानात?”

“और कहाँ? अब तो दोस्ती है. हमारा टमाटर उनकी सब्जी में.” तो हसला आणि तांब्या ठेवून निघून गेला.

कुसाबाई जागेवर येऊन बसली. ढिगात हात घातला, पण हात चालेना. समोरून नवसाबाईनं विचारलं, “काय झाला व मावशी? ऊन लागला का?” कार्तिकात कुठलं ऊन! कुसाबाईनं मान हलवली आणि एकेक टमाटा उचलून नुसती बघत राहिली.

कारगिलच्या लढाईला सात वर्षं झाली होती. लढाई संपली, लाहोरची बस परत सुरू झाली, क्रिकेटवाले जाऊन आले, पुढाऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हे सगळं कुसाबाईनं टीव्हीवर बघितलं होतं आणि दरवेळी उठून आत गेली होती. ते सगळं लांबचं होतं. आता मात्र तिच्या हातानं निवडलेला, पुसलेला, कागदात बसवलेला टमाटा त्यांच्या ताटात जाणार होता.

दिवस मावळायच्या आत ती घरी न जाता थेट शेतावर गेली. नवरा चिमाजी टमाट्याची झाडं सुतळीनं तारेला बांधत होता. कमरेला सुतळीचा गुंडा, हिरव्या चिकानं बोटं काळी पडलेली.

“तुमाला म्हाईत व्हतं?” तिनं बांधावरूनच विचारलं.

चिमाजीनं काय म्हणून विचारलं नाही, त्यावरूनच कळलं. “म्हाईत व्हतं,” तो म्हणाला. “भिमाजी बोल्ला व्हता.”

“आन आपला माल?”

“गेला त्येच्यातच.”

“आपल्या वावरातला? ज्ञानेशनं हीर खांदू लागली त्या वावरातला?”

चिमाजीनं हातातली गाठ पुरी केली. “मागल्या साली टमाटा हायवेवर ओतला व्हता, इसरली का? गुरं बी तोंड लावंनात. औंदा तिकडं जातोय म्हणून फेकायची पाळी आली नाय. दोघांनी मिटवलंय आता. सरकारनं मिटवलं, आपुन काय उकरायचं?”

“मिटवताना मला कुनी इचारलं व्हतं?”

“तुला कोन इचारनार?”

“त्येच म्हनते मी,” कुसाबाई म्हणाली आणि वळून चालायला लागली. मागून चिमाजीनं दोनदा हाक मारली. तिला त्याचा राग आला होताच, पण त्याच्या वाकलेल्या पाठीचाही आला. हा माणूस दर सव्वीस जानेवारीला इस्त्रीचं धोतर नेसून शाळेतल्या खुर्चीवर बसायचा, नारळ घ्यायचा आणि घरी येऊन गुरांना पाणी दाखवायचा. तिला मात्र गावानं नावच दुसरं दिलं होतं. आधी ती ज्ञानेशची आई होती, आता वीरमाता. वीरमाता म्हणून हाक मारली की समोरच्याला पुढं काही बोलावं लागत नाही, हे तिनं सात वर्षांत ओळखलं होतं.

ज्ञानेश आला तो पेटीत. लष्करी गाडी थेट मारुतीच्या पारापर्यंत आली, आख्खा गाव लोटला, घोषणांनी कान बसले. लाकडी पेटी, झाकणाला चौफेर खिळे. कुसाबाई पेटीवर पडली आणि म्हणाली, तोंड दाखवा. बरोबर आलेला जवान मराठीच होता, सातारकडचा, मिसरूडही धड न फुटलेला. तो खाली बसून हळूच म्हणाला, “आई, उघडू नका. बघण्यासारखं नाही राहिलेलं.” मोठ्या साहेबानंही हात जोडले. पोराच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं, गालावरून हात फिरवायचा राहिला. तिनं झाकणावरच हात फिरवला. तिथं पांढऱ्या रंगात त्याचा फौजेतला नंबर लिहिलेला होता. त्यातला एकच आकडा तिला ओळखू आला. गोल पोट, खाली शेपूट. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “एक. ह्यो एक हाय. त्येनंच शिकवलाय मला.” जवान गोंधळला. “एक नाही आई, नऊ आहे तो. इंग्रजी नऊ.” सगळ्या गर्दीत ते पोर तिला आकडा समजावून सांगत बसलं. तेवढ्यात पेटी उचलली.

आत खरंच ज्ञानेश होता का, आणि होता तर केवढा, हे तिला आजतागायत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर सगळ्यांच्या आधी गेली. पहिलं खोकं समोर ओढलं, तळाला कागद अंथरला. मागच्या पाटीतून देठापाशी चिरलेला, पाणी सुटलेला एक टमाटा घेतला आणि तळाच्या कोपऱ्यात बसवला. त्यावर चांगले गुलाबी टमाटे, एकावर एक, नेहमीसारखे डोळ्याला डोळा लावून. वरचा थर तर असा लावला की बघतच राहावं. भिमाजी येऊन बघून गेला. तो कायम वरचाच थर बघायचा.

काळूनं झाकण बसवलं, तोंडातले खिळे एकेक काढून ठोकले. कुसाबाईनं गेरूत काडी बुडवून फळीवर आपला एक काढला. गोल पोट, खाली शेपूट.

एक सडका टमाटा चार दिवसांत काय करतो ते तिला बरोबर ठाऊक होतं. ताडपत्रीखालच्या उबेत त्याचं पाणी शेजारच्याला लागतं, शेजारचा फुगतो, मग त्याच्या शेजारचा. वरून सगळं झकास दिसतं. झाकण उघडलं आणि वरचे चार उचलले की भपकारा. त्यांनी पेटी उघडावी आणि नाक धरून तोंड फिरवावं, एवढंच तिला हवं होतं. मला उघडू दिली नाही, तुम्ही उघडा. बघा आत काय आहे.

त्या दिवशी तिनं भरलेल्या प्रत्येक खोक्यात एक-एक गेला. आठवड्यात दोन गाड्या निघायच्या. पुढच्या गाडीलाही तेच, त्याच्या पुढच्या गाडीलाही तेच. ज्या बोटांनी वर्षानुवर्षं सडका माल बाजूला काढला तीच बोटं आता निवडून निवडून सडका शोधायला लागली. फार पिचलेला नको, तो ट्रकमध्येच गळतो. फार कमी नको, तो वाया जातो. मधला हवा. कसबाचं काम होतं, आणि कुसाबाई ते मन लावून करत होती.

तिला भूक लागायला लागली. सात वर्षांत अर्ध्या भाकरीवर उठणारी बाई दुसरी भाकरी मोडायला लागली. काम करताना ओवीसारखं काही गुणगुणायला लागली. नवसाबाई हसून म्हणाली, “मावशी, औंदा तुमची तब्येत लय भारी हाय.” कुसाबाईही हसली. नवसाबाईच्या खोक्यांवरचे नऊ ती त्याच उत्साहात काढून देत होती. त्या खोक्यांना मात्र तिनं हात लावला नाही. हिशेब आपला, खोकंही आपलंच असावं, एवढी नीती तिनं पाळली होती.

यादव फेरी मारून आला की ती त्याला चहा पाजायची आणि खोदून खोदून विचारायची. तिकडं कसं असतं? कोण उतरवतं? यादव रंगवून सांगायचा. सीमेवर पांढरी रेघ आहे. आपले हमाल निळ्या कुडत्यात, त्यांचे हिरव्या कुडत्यात. आपला हमाल डोक्यावर खोकं घेऊन रेघेपर्यंत जातो, त्यांचा पलीकडं उभा असतो. या डोक्यावरून त्या डोक्यावर. कुणी रेघ ओलांडत नाही.

“आन उघडत्यात कुठं?”

“वहीं, उस पार. इस बार बड़ा बवाल हुआ, माई. पेटी खोली तो ऐसी बदबू, सब पीछे हटे. एक को तो उल्टी हो गई.”

“उलटी झाली?”

“हाँ. वो गाली दिए, ये गाली दिए. क्या बताऊँ.”

कुसाबाईनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्या संध्याकाळी तिनं घरी गुळाचा सांजा केला, वर तुपाची धार धरली. चिमाजी ताटाकडं बघत राहिला.

“आज काय हाय?”

“काय नाय. खावा.”

तो जेवला. त्याला वाटलं, बायकोनं राग सोडला. तिला त्याची कीवही आली आणि हसूही आलं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका सकाळी भिमाजी लाल तोंडानं खळ्यात शिरला. हातात फॅक्सचा कागद. त्यानं बाकी कुणाकडं बघितलं नाही, सरळ दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी आला आणि नवसाबाईचा ढीग लाथेनं उधळला. टमाटे कोब्यावर घरंगळत गेले.

“ऊठ! ऊठ म्हन्तो ना! शेठचं नाव घालवलंस तू. तीन गाड्यांत नऊ नंबरचा सगळा माल सडका! अटारीच्या एजंटानं लिहून पाठवलंय. हे बघ, नऊ!”

नवसाबाई उभी राहिली. तिला कागदातलं काय कळणार! ती म्हणाली, “मी कईं नाय घातला जी सडका. माना हात खोटा नाय.”

“हात खोटा नाय? डोंगरात कधी टमाटा बघितला व्हता का? वेच आता. सगळ्यांसमोर वेच. एकेक दाखव मला आन बोल, चांगला का सडका.”

आणि नवसाबाई खरंच वेचायला लागली. कोब्यावर गुडघे टेकून एकेक टमाटा उचलायची, भिमाजीपुढं धरायची. “चांगला.” पुढचा. “चांगला.” पुढचा. “सडका.” बाया माना खाली घालून बसल्या. काळू तोंडात खिळे तसेच धरून, हातोडी हातात लोंबकळत ठेवून उभा होता. त्यानं खिळे काढून काही बोलायला तोंड उघडलं तर भिमाजी ओरडला, “तू गप! दोघं बी उद्या सकाळी पाल उचला. आन पिंपळगावातल्या एका बी खळ्यावर उभं राहायचं नाय, मी सगळीकडं सांगून ठिवलंय.”

कुसाबाई समोरच होती. नऊ हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी तिला कळलं. पेटीच्या झाकणावर बोट ठेवून बसलेली ती, आणि ते सातारकडचं पोर. नऊ आहे तो, आई. तिकडच्या एजंटानं कुसाबाईचा एक इंग्रजीत वाचला होता. नवसाबाईचा मराठी नऊ त्याला कुठला आकडा वाटला असेल देव जाणे. आख्ख्या खळ्यात ही गोष्ट फक्त तिलाच माहीत होती.

ती बोलली नाही. हात ढिगात चालू ठेवले. नवसाबाईचं “चांगला, चांगला, सडका” संपेपर्यंत तिनं एक आख्खं खोकं भरलं, आणि त्यातही तळाशी एक बसवला.

घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली. हिला काय, होळीला जायचं ते आता जाईल. दुसरं काही काम मिळेल, उसाला जाईल, द्राक्षाला जाईल. मला काही दुसरा ज्ञानेश मिळणार नाही. आणि मी बोलले तर माझं काम गेलं, आणि कामाबरोबर हेही गेलं. अजून महिनाभर गाड्या जाणार होत्या. तो महिना तिला हवा होता. पोटात भुकेसारखा हवा होता. ती भाकरी करायला बसली, पण पीठ मळताना तिच्या कानात ते “चांगला, चांगला” वाजत राहिलं, आणि भाकरी करपली.

सकाळी ती खळ्यावर पोचली तेव्हा पाल निघालेलं होतं. काळूच्या डोक्यावर बोचकं, हातात कुऱ्हाड. नवसाबाईच्या काखेत पातेली आणि पाट्याचा वरवंटा. भिमाजी फाटकात उभा राहून ती खळ्यातलं काही नेत नाहीत ना ते बघत होता. त्यानं पातेल्यावरचं फडकंसुद्धा उचलायला लावलं. आत वाळलेला बोंबील आणि मिठाची पुडी होती. बाया गोळा झाल्या होत्या. यादव ट्रकच्या पायरीवर बसून दात घासत होता.

नवसाबाईनं पातेली खाली ठेवली. वाकून रस्त्याकडेची मूठभर माती उचलली आणि खळ्याकडं तोंड केलं. काल रडली नव्हती, आजही रडत नव्हती.

“ज्येनं ह्ये केलं आन माना माथी मारलं,” ती मोठ्यानं म्हणाली, “त्येचा पोर्‍या मरो! त्येच्या मायला त्येचं तोंड बी बघाया नको मिळो!”

आणि तिनं मूठ उघडून माती फुंकली.

एकदोघींनी पदर तोंडाला लावला. भिमाजीसुद्धा दोन पावलं मागं सरकला, त्याला दोन पोरगे होते. कुसाबाईच्या तोंडावर मातीचे कण उडून आले. तिनं ते पुसले नाहीत.

“नवसे,” ती म्हणाली, “तो मेलाय.”

कुणाला काही समजलं नाही. नवसाबाईनं तिच्याकडं बघितलं.

“सात वर्सं झाली मरून. तोंड बी नाय दिसलं. तुजा शाप आधीच लागलाय, बाई. सडका माल मी घातला.”

भिमाजीच पहिल्यांदा भानावर आला. तो चटकन पुढं झाला आणि हात जोडून हळू आवाजात म्हणाला, “कुसाबाई, तुमचं मन लय मोठं हाय. गरिबाला वाचवायला असं अंगावर घेऊ नका. तुमी वीरमाता. शेठच्या कानावर गेलं तर बरं दिसंल का? तिला जाऊ द्या. घरी जाऊन आराम करा.”

त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याच्या डोळ्यांत कळल्याचं दिसत होतं. पण एका बाजूला पेठची मजूर बाई आणि दुसऱ्या बाजूला फोटोत हार घातलेल्या जवानाची आई. कोणाला घालवणं सोपं, हा हिशेब त्यानं उभ्याउभ्याच केला होता. कुसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका राग तिला लाहोरवाल्यांचाही आला नव्हता.

ती आत गेली, गेरूची वाटी आणि काडी घेऊन आली. फाटकाच्या चुनखडीनं रंगवलेल्या खांबावर तिनं आपला आकडा काढला. हातभर मोठा. गोल पोट, खाली शेपूट.

“वाच.”

“एक,” भिमाजी म्हणाला.

“आता इंग्रजीत वाच.”

यादव ब्रश तोंडात धरूनच पायरीवरून उतरला, जवळ आला आणि म्हणाला, “अरे! ये तो नौ है!”

“तळाशी, उजव्या कोपऱ्यात,” कुसाबाई म्हणाली. “काल भरलेलं माजं कोन्तं बी खोकं उघडून बघ. आन ऐक, मला त्यांची दया आली म्हणून सांगत नाय मी. त्यांना उलटी झाली त्या दिशी मी सांजा केला व्हता. आज बी करीन. तुमी मिटवा, सरकार मिटवू द्या, गळ्यात गळे घाला. माजं मिटलेलं नाय आन मिटनार नाय. पन माझ्या पोराच्या नावानं हिला गुडघ्यावर बसवायचा तुला हक नाय. मला बी नव्हता.”

काळूनं बोचकं खाली ठेवलं. न विचारता आत गेला, थप्पीतलं एक नंबरचं खोकं ओढलं आणि हातोडीच्या मागल्या बाजूनं झाकण उपसलं. वरचे थर त्यानं कोब्यावर नीट मांडले. तळाच्या कोपऱ्यात हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांवरून पाणी गळत होतं. त्यानं तो टमाटा भिमाजीच्या पायापाशी ठेवला आणि बाहेर येऊन बायकोशेजारी उभा राहिला.

आता भिमाजीला काहीच टाळता येईना. सगळ्या बाया बघत होत्या, ड्रायव्हर बघत होता, आणि गाडी दुपारपर्यंत भरून निघायची होती. तो घसा खाकरून म्हणाला, “बरं. नवसाबाई, तू बस जाग्यावर. नऊवर नको, एक नंबरवर बस. आन कुसाबाई... तुमी घरी जावा.”

“एक माना नको,” नवसाबाई म्हणाली. “मेलेल्याचा आकडा माना नको. माना नऊच.” ती पातेली तिथंच सोडून आत आली. कुसाबाईपुढं उभी राहिली. मारते की काय असं सगळ्यांना वाटलं, कुसाबाईलाही वाटलं आणि तिनं तोंड बाजूला केलं नाही. पण नवसाबाईनं तिच्या मनगटाला धरून तिला ओढत आपल्या पोत्यापाशी नेलं.

“ही जाणार नाय,” ती भिमाजीला म्हणाली. “ही माना आकडा काढंल. आजची गाडी भरपर्यंत. सगळ्यांसमोर. टमाट्याला हात लावू देणार नाय मी हिला. आन नऊ असा काढ मावशी, का तिकडच्याला बी नऊच वाचाया यावा. परत माना नाव खोटं पडाया नको.”

भिमाजी म्हणाला, “मंग इंग्रजीतच काढा इथून पुढं सगळ्यांनी.” आणि मग त्याची नजर खांबावर गेली. इंग्रजीतला नऊ म्हणजे कुसाबाईचाच एक.

नवसाबाईनं कालचे वेचलेले टमाटे बाजूला सारून नवा ढीग ओढला. बायाही आपापल्या जागी बसल्या. कुसाबाई मध्ये उभी, हातात काडी. आपली पोत्याची जागा समोर रिकामी पडलेली तिला दिसत होती. थोड्या वेळानं पहिलं खोकं भरलं. नवसाबाईनं तळापासून वरपर्यंत प्रत्येक टमाटा दोन्ही बाजूंनी फिरवून लावला होता. कुसाबाईनं सवयीनं एक जरा सरळ करायला हात पुढं केला.

“हात मागं,” नवसाबाई म्हणाली.

तिनं हात मागं घेतला. काळूनं झाकण ठेवून चारी बाजूंनी खिळे ठोकले आणि खोकं तिच्यापुढं सरकवलं. लाहोरला जाणारं, आत एकही डाग नसलेलं खोकं. कुसाबाईनं दात आवळले. काडी गेरूत बुडवली आणि नवसाबाईचा नऊ काढला. आधी गोल पोट, मग खाली शेपूट.

“दुसरं घे,” नवसाबाई म्हणाली.